आजचं चिंतन : तुकोबांची रखमा



आवली सगळ्यांना माहीत आहे. पण तुकोबांची पहिली बायको रखमाबाई? परंपरा सांगते, तिला दम्याचा त्रास होता म्हणून पुण्याच्या गुळव्यांची जिजाई, म्हणजे आवली, घरात आली. बहुतेक वेळा रखमेची गोष्ट इथेच आटोपते.

1630 च्या सुमाराच्या दुष्काळात ती उपाशी गेली. मुलगा संतूही गेला. आपल्या आत्मचरित्रपर अभंगात तुकोबा सांगतात, पैसा गेला, मान गेला, एक बायको अन्न मागत मेली. नाव नाही. पण लगेच पुढे म्हणतात, जिवाला लाज वाटली. दुकान चालवणारं घर, आणि घरातलं माणूस उपाशी! ‘संतांना संसाराचं काय’ असं म्हणणाऱ्यांनी (मीही म्हणायचो) इथे जरा थांबावं. देवाचं पडकं देऊळ बांधायचं मनात येतं ते यानंतर.

बायबलमध्ये सारा गेल्यावर अब्राहामाची कटूरा येते, उत्पत्तीच्या 25 व्या अध्यायात. तिचं उलटं. नाव आहे, सहा मुलगे आहेत, तोंडी शब्द एकही नाही.

पालखी बारामतीहून निघाली की काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या, मेंढ्यांचं रिंगण, आणि इंदापूरपर्यंत वाटेवर जेवणच जेवण. गेल्या वर्षी मी पत्रावळीत अर्धी भाकरी टाकून उठत होतो. शेजारच्या आजी म्हणाल्या, "बाळा, तेवढी संपव की." रखमेचं नावही तेव्हा मला माहीत नव्हतं.

आज तो अभंग पूर्ण वाचा. उद्या संतूविषयी.