चार बलं आणि एक ब्रेक

पेपरात फ्री बॉडी डायग्राम काढताना आपल्यातले निम्मे जण बाण मोजत बसतात, "अजून एक फोर्स राहिला का रे?" खरं तर हा शाळेतला धडा! मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे 'अभिलंब बल', 'ताण' हे शब्द मला मराठी माध्यमातून आलेल्या रूममेटने शिकवले. पण चांगले आहेत. चला तर मग, उजळणी करू.

बल म्हणजे ओढणं किंवा ढकलणं. प्रत्येक बाणाला एकच प्रश्न विचारायचा : हे बल कोण लावतंय? उत्तर नसेल तर बाण खोडा.

पहिलं गुरुत्वीय बल. 10 किलोच्या बॅगेला पृथ्वी सुमारे 98 न्यूटन बलाने खाली ओढते.

दुसरं अभिलंब बल. बॅग टेबलावर ठेवली की टेबल तिला तेवढ्याच बलाने वर ढकलतं. इथे व्हायवाचा सापळा आहे! ही न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची जोडी नाही, कारण दोन्ही बलं एकाच बॅगेवर आहेत. जोडी अशी : पृथ्वी बॅगेला ओढते आणि बॅग पृथ्वीला.

तिसरं ताण. दोरीवर मधोमध 2 किलोची ओली जीन्स टाका. वजन साधारण 20 न्यूटन. दोरी दोन्ही बाजूंना आडव्या रेषेपासून फक्त 5 अंश खाली झुकली असेल, तर तिच्यातला ताण जवळजवळ 115 न्यूटन होतो! म्हणून दोरी थोडी सैल बांधा. घट्ट दोरीच आधी तुटते.

चौथं घर्षण. याला आपण उगाच शिव्या देतो. घर्षण नसेल तर चालता येणार नाही, आणि गाडी थांबणारही नाही. ब्रेक फक्त चाक अडवतो, गाडीला थांबवतो तो रस्ता.

आता हिशोब करू. गाडीचा वेग ताशी 60 किमी, म्हणजे सेकंदाला सुमारे 16.7 मीटर. थांबायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले 2μg. कोरड्या रस्त्यावर μ 0.7 धरला तर सुमारे 20 मीटर. पावसात तो 0.4 झाला तर 35 मीटर. शिवाय ब्रेक दाबायचं सुचेपर्यंत एक सेकंद गेला तर आणखी 17 मीटर, म्हणजे एकूण 52! टायर गुळगुळीत असेल किंवा रस्त्यावर चिखल असेल तर याहून जास्त.

मात्र सूत्रात वेगाचा वर्ग आहे, हे आपल्या फायद्याचं. वेग 60 वरून 30 वर आणला, तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर निम्मं नाही, चौथा हिस्सा होतं. ओल्या रस्त्यावर 35 चे फक्त 9 मीटर.

तेव्हा पावसाळ्यात रात्री चहाला गाडी काढाल, तेव्हा हा μ आठवा. पेपरात गणित चुकलं तर एटीकेटी आहे. रस्त्यावर ती सोय नाही.