अभ्यासलेख : इंजिनातील एका पत्र्याचे विज्ञान



दहावीनंतर आपल्या शाळेतील काही मुले आय.टी.आय.ची वाट धरतात, तर काही थेट गॅरेजात कामाला लागतात. अशा मुलांच्या तोंडी एक प्रश्न नेहमी असतो, "गॅरेजात गणित नि विज्ञान कशाला लागते?" या प्रश्नाचे उत्तर म्हणून या अंकात आम्ही एका लहानशा भागाचा पाठ घेत आहोत. त्या भागाचे नाव विंडेज ट्रे. हा एक साधा पत्रा असतो. पण तो नीट बसवायचा तर वर्तुळाचा परीघ, वेग, मोजमाप आणि द्रवांचे गुणधर्म या सर्वांची गरज लागते.

पत्रा कोठे असतो?

इंजिनात पिस्टन वर-खाली होतात आणि क्रँकशाफ्ट गोल फिरतो. क्रँकशाफ्टच्या खाली तेलाचे भांडे असते. गॅरेजात त्याला 'चेंबर' म्हणतात. चेंबरमधील तेल पंप उचलतो आणि बेअरिंगांपर्यंत पोहोचवतो. तेथून ते गळत, ओघळत पुन्हा चेंबरमध्ये येते. फिरणारा क्रँकशाफ्ट आणि खालचे तेल यांच्यामध्ये जो आडवा पत्रा बसवतात, तो विंडेज ट्रे. काही पत्र्यांना छिद्रे असतात, काहींना जाळी असते, तर काहींना खवल्यांसारखे उचललेले काप असतात. त्यामुळे वरचे तेल खाली जाते, पण खालचे तेल वर उसळत नाही.

पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या रस्त्यावरून सायकल चालवली की मडगार्डचे महत्त्व कळते. मडगार्ड नसेल तर सारा चिखल पाठीवर येतो. विंडेज ट्रे हे क्रँकशाफ्टचे मडगार्डच समजा.

तेलाचे ताक का होते?

एक प्रत्यक्ष गणित करू. सोलापुरात 1882 साली जन्मलेले उद्योजक वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात पुढे फियाट आणि त्यानंतर प्रीमियर पद्मिनी या गाड्या तयार झाल्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून सर्वांना माहीत असलेली ती हीच पद्मिनी. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये तिची टॅक्सीसेवा संपली. तिच्या इंजिनात चार सिलिंडर होते. प्रत्येकाचा व्यास 68 मि.मी. आणि पिस्टनची धाव 75 मि.मी. होती.

पिस्टनची धाव 75 मि.मी., म्हणजे क्रँकपिन 37.5 मि.मी. त्रिज्येच्या वर्तुळात फिरते. त्या वर्तुळाचा परीघ सुमारे 23.6 सें.मी. येतो. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल तर सेकंदाला 50 फेरे झाले. म्हणून क्रँकपिनचा वेग सेकंदाला सुमारे 11.8 मीटर, म्हणजेच ताशी 42 कि.मी.हून थोडा जास्त. मिनिटाला 4,500 फेरे असतील तर तोच वेग ताशी 63 कि.मी.च्या पुढे जातो. क्रँकशाफ्टचे समतोल राखणारे वजनाचे भाग मध्यापासून आणखी दूर असल्यास त्यांच्या कडांचा वेग याहूनही अधिक.

एवढ्या वेगाने फिरणारे लोखंड बंद जागेत वारा निर्माण करते. तो वारा तेल ओढतो, उडवतो आणि रवीने ताक घुसळावे तसे घुसळतो. त्यातून दोन तोटे होतात. एक, तेलाचे शिंतोडे अंगावर घेऊन फिरताना क्रँकशाफ्टची काही शक्ती वाया जाते. दुसरा तोटा अधिक गंभीर आहे, तो म्हणजे तेलाला फेस येतो. द्रव सहसा दाबला जात नाही, पण हवा दाबली जाते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. फेसाळ तेल पंपातून गेले की बेअरिंगला हवेचे बुडबुडे मिळतात. तेलाचा पातळ थर तुटतो, धातूवर धातू घासतो आणि बेअरिंग जळते.

ज्या घराची रोजीरोटी एका जीपवर चालते, त्या घरासाठी याचा अर्थ काय होतो हे पालकांना सांगायला नको.

बसवण्याची रीत

1. प्रथम स्वच्छता. पत्र्याच्या कडांना धार किंवा कीस राहिला असल्यास कानशीने घासून काढावा. पत्रा धुऊन कोरडा करावा. लोखंडाचा एक कणही तेलात जाता कामा नये.

2. दिशा ओळखावी. पट्ट्याच्या पुलीच्या बाजूने पाहिल्यास बहुतेक गाड्यांचा क्रँकशाफ्ट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. दुरुस्तीसाठी इंजिन उलटे केले तरी त्याच बाजूने पाहिल्यास ही दिशा बदलत नाही. उचललेल्या कापांची तोंडे फिरत येणाऱ्या तेलाकडे असावीत. पत्र्यावर पुढच्या बाजूची खूण असल्यास तीच प्रमाण मानावी.

3. आधी कच्ची जोडणी करावी. क्रँकशाफ्ट आणि सर्व कनेक्टिंग रॉड बसवून झाल्यावर पत्रा ठेवावा आणि नट हाताने लावावेत. मग मुले खेळतात त्या मऊ मातीचे गोळे पत्र्यावर चिकटवावेत. वरून तेलाचे बोट फिरवावे, म्हणजे माती वर चिकटत नाही. क्रँकशाफ्ट हाताने, सावकाश, दोन पूर्ण फेरे फिरवावा. कोठे अडला तर जोर लावू नये.

4. पत्रा काढून माती मध्ये कापावी आणि जेथे ती सर्वांत पातळ झाली आहे तेथे जाडी मोजावी. ती जाडी म्हणजेच मोकळी जागा. साधारणपणे 3 मि.मी. जागा सोडण्याचा प्रघात आहे, पण त्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच घ्यावा. प्रत्येक रॉडचे बोल्ट आणि प्रत्येक वजन तपासावे. एक तपासले म्हणून बाकीचे ठीक, असे गृहीत धरू नये.

5. जागा कमी पडल्यास सर्व स्टडवर सारख्या जाडीचे वॉशर घालून पत्रा उचलावा. हातोडीने ठोकून पत्रा वाकवू नये. वॉशरमुळे नटाला आटे कमी पडत असतील तर लांब स्टड घ्यावेत. मेन बेअरिंगच्या कॅपचा कस कंपनीने दिलेलाच राहिला पाहिजे.

6. तेल ओढणारी नळी, तिची जाळी आणि तेल पाहण्याची पट्टी पत्र्याला घासत नाहीत ना, हे पाहावे. चेंबर लावून तो टेकतो का, हेही पाहावे. पत्रा चेंबर आणि इंजिन यांच्यामध्ये दाबला जाणारा असेल तर दोन्ही बाजूंची पॅकिंग तपासावी.

7. शेवटी मातीचा कण न् कण काढावा, कारण तीच माती पुढे जाळीत अडकून तेल अडवू शकते. नटांना आट्यांचे लॉकिंग औषध लावून टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाने कसावे. सैल नट चालत्या इंजिनात पडला तर पत्र्याचा लाभ दूरच, सारे इंजिन धोक्यात येईल.

प्रत्येक गाडीला हा पत्रा हवा का?

नाही. शर्यतीच्या गाड्यांत, जेथे फेरे खूप जास्त असतात, तेथे त्याचा लाभ मोठा असतो. सावकाश चालणाऱ्या घरच्या गाडीत तो नव्याने बसवून फारसा फरक जाणवणार नाही. मात्र कंपनीनेच तो बसवलेला असेल तर इंजिन खोलल्यावर "याच्याविना चालते" म्हणून तो बाजूला टाकणे चूक आहे. ज्याने इंजिन आखले, त्याने हिशेब करूनच तो ठेवलेला असतो.

इंजिन कधीही न उघडणाऱ्या पालकांसाठीही यात एक धडा आहे. तेल कमी असणे वाईट, हे सर्वांना ठाऊक असते. पण जास्त तेलही वाईट. पातळी फार वाढली तर क्रँकशाफ्ट तेलात बुडतो आणि मग पत्रा असूनही फेस होतो. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे आणि तेल पट्टीवरील दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहावे. गाडीच्या पुस्तकात वेगळी रीत दिली असेल तर ती पाळावी.

स्वाध्याय

1. मारुती 800 च्या तीन सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनची धाव 72 मि.मी. होती. मिनिटाला 4,200 फेरे असताना क्रँकपिनचा वेग काढा. (उत्तर : सेकंदाला 15.84 मीटर, ताशी सुमारे 57 कि.मी.)

2. पद्मिनीच्या इंजिनाचे एकूण घनफळ काढा. (उत्तर : सुमारे 1,090 घन सें.मी.)

3. एका बाटलीत थोडे गोडेतेल घेऊन जोरात हलवा. बुडबुडे निघून जायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून वहीत लिहा. तेल उन्हात कोमट करून पुन्हा पाहा. फरक का पडला?

मित्रांनो, आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथेही क्रँकशाफ्टला क्रँकशाफ्टच म्हणत आणि वर्तुळाचा परीघ तसाच काढत. भाषा कोणतीही असो, मोजमाप बदलत नाही. जो मुलगा किंवा जी मुलगी पाना हाती घेण्याआधी मोजते, तिच्या हाती लोक विश्वासाने गाडी देतात. असा कारागीर आळंदला राहिला काय किंवा सोलापूर-पुण्यास गेला काय, त्याला काम कमी पडत नाही.

विश्वस्त मंडळी आणि पालकांना एक विनंती. कोणाकडे निकामी झालेले जुने इंजिन पडून असेल तर ते शाळेच्या प्रयोगशाळेस द्यावे. फळ्यावरील दहा चित्रांनी जे समजत नाही, ते उघड्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट एकदा हाताने फिरवला की समजते.

— मुख्याध्यापक