मतयंत्राची राखण

बटण दाबले, दिवा लागला, 'पीं' असा आवाज झाला, की मत नोंदले गेले. पण ते बरोबर मोजले जाईल याची खात्री कशी करायची?

भारतात मतयंत्र प्रथम १९८२ साली केरळमधील परवूर मतदारसंघातील ५० केंद्रांवर वापरले गेले. कायद्यात तरतूद नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते मतदान अमान्य केले. १९८८ मध्ये कायदा दुरुस्त झाला.

यंत्राचे नियंत्रण एकक अधिकाऱ्यापुढे असते. त्याने 'बॅलट' बटण दाबले की एकच मत घेतले जाते. पुढे मतदाराने कितीही बटणे दाबली तरी उपयोग नाही. मात्र २०१० साली काही संशोधकांनी दाखवून दिले की, त्या काळचे यंत्र हाती लागल्यास आतील भाग बदलून निकाल फिरवता येतो. म्हणजे यंत्राला माणसांची राखण हवीच.

ही राखण मतदान केंद्रावरील कर्मचारी करतात. त्यांत पुष्कळसे शिक्षक असतात. मतदानापूर्वी ते उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष निदान ५० मतांचे अभिरूप मतदान घेतात, निकाल ताडून पाहतात, मते पुसून शून्य दाखवतात आणि मग यंत्राला कागदी मोहोर लावतात. तिच्यावर प्रतिनिधींच्या सह्या असतात.

आता एक कोडे. समजा, दिवसअखेर नोंदवहीत ६१२ मतदार आहेत आणि सर्वांनी मत दिले आहे. यंत्र मात्र ६६२ दाखवते. असे का? फरक पाहा: बरोबर ५०! अभिरूप मतदानाची मते पुसायची राहिली असावीत. ही चूक यंत्राला कळत नाही, वहीला कळते. म्हणूनच एकूण मतांचा आकडा लिहून त्याची प्रत प्रतिनिधींना देतात आणि मोजणीच्या दिवशी तो पुन्हा ताडतात.

पण बेरीज जुळली म्हणजे प्रत्येक मत योग्य उमेदवारालाच गेले, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी २०१३ पासून कागदी चिठ्ठी आली. ती मतदाराला ७ सेकंद दिसते व पेटीत पडते. २०१९ च्या न्यायालयीन आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ केंद्रे चिठ्ठी टाकून निवडतात व तेथील कागदी चिठ्ठ्या हाताने मोजतात.

वर्गप्रतिनिधी निवडताना तुम्हीही नोंदवही ठेवा. कोणी कोणाला मत दिले हे न कळता बेरीज कशी पडताळाल, ते ठरवा.