आधी हाताने टेकवून बघ

अगं, तुझ्या दोन्ही पाट्यांचे फोटो पाहिले. एकीवरचं 'शुभ लाभ' आरपार जायच्या बेतात, दुसरीवर नुसता ओरखडा. सीएनसी मशीनला शिव्या घालू नकोस. तू अजून बिटखाली कागद सरकवूनच उंचीचं शून्य लावतेस ना? वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड, आणि तो 'अडकला' म्हणजे नेमका किती, हे हाताला रोज वेगळं वाटतं. बिट बदललं की पुन्हा पहिल्यापासून. आता प्रोब लाव बाई.

प्रकरण एवढंसं आहे. धातूची एक प्लेट, एक क्रोकोडाइल क्लिप, दोन वायरी. प्लेट लाकडावर ठेवायची, क्लिप बिटला लावायची. बिट टेकलं की सर्किट पूर्ण होतं आणि मशीन थांबतं. तुझ्या ३०१८ मशीनवर ग्रबल फर्मवेअर आहे, बोर्डावर प्रोबची जागा असेलच. साधा आर्डुइनो उनो असेल तर एक वायर ए ५ ला, दुसरी ग्राउंडला. क्लिप मात्र बिटलाच लाव, स्पिंडलच्या बॉडीला नको. बेअरिंगमधल्या ग्रीसमुळे संपर्क कधी लागतो, कधी नाही.

माझी फजिती सांगते, कुणाला बोलू नकोस. पहिल्याच दिवशी क्लिप लावायचीच राहिली. बिट खाली आलं, प्लेटला टेकलं, आणि येतच राहिलं. मोटर गुरगुरायला लागली, मी आपली 'आता थांबेल, मग थांबेल' करत बघतेय! नव्या व्ही-बिटचं टोक टक्कन गेलं. त्यानंतर स्क्रीनवर अलार्म ५ आला, म्हणजे संपर्क झालाच नाही. आभारी आहे, म्हटलं.

म्हणून आता नेम करून टाकलाय. मशीन हलवण्याआधी प्लेट हातात घेऊन बिटला टेकवते आणि स्टेटस बघते. प्रोब लागला की 'पीएन'पुढे 'पी' दिसतो, प्लेट काढली की जातो. न टेकवताच दिसत असेल तर सेटिंग ६ उलटं आहे. तसंच प्रोब करायला गेलीस तर अलार्म ४ येईल. कधीच दिसत नसेल तर मल्टिमीटर काढ. प्लेट अ‍ॅनोडाइज केलेली असेल तर तिच्यावरून वीज जात नाही, तिथे जरा पॉलिश पेपर मार.

प्लेटची जाडी स्वतः मोज. माझ्या प्लेटबरोबरच्या कागदावर १५ लिहिलं होतं, व्हर्नियरने भरली १४.८६. मी १५ टाकलं असतं तर प्रत्येक काम ०.१४ मिलिमीटरने जास्त खोल गेलं असतं. लाकडावर कुणाला कळलंही नसतं. पण सर्किट बोर्डावरचं तांबं असतं ०.०३५ मिलिमीटर, म्हणजे चौपट खोल! आणि प्लेटखाली भुशाचा कण राहिला तर ती मोजणी पाण्यात. ठेवण्याआधी बोट फिरवून घे.

आता कमांड. आधी जी २१ (मिलिमीटर) आणि जी ९१ (आहे तिथून मोजायचं) दे, नाहीतर 'वीस खाली' याचा अर्थ मशीन भलताच घेईल. मग जी ३८.२ झेड उणे २०, एफ १००. टेकलं की दोन मिलिमीटर वर घे आणि एफ २० ने पुन्हा टेकव. हळू टेकलेलंच खरं धर. मग जी १० एल २० पी १, झेडला तुझ्या प्लेटची जाडी. शेवटी पाच मिलिमीटर वर आणि जी ९०. हे एकदा मॅक्रोत टाकून ठेव. होमिंगचे स्विच नाहीत ना तुझ्याकडे? मग मशीन बंद करून सुरू केलंस की जुनं शून्य धरू नकोस, पुन्हा टेकव.

तांब्याच्या बोर्डाला प्लेट लागतच नाही. दुसरी वायर तांब्यालाच जोड आणि जाडी शून्य टाक. शिवाय कँडल सॉफ्टवेअरमध्ये हाइट मॅप काढ, कारण बोर्ड कधीच सपाट नसतो, कितीही दाबून बसव.

आणि स्पिंडल सुरू करण्याआधी केस बांध, ओढणी काढून ठेव. वायर गुंडाळून बाजूला टाक. बिटवरची क्लिप काढलीस ना? बघ पुन्हा एकदा.