आठ मात्रांचं भांडवल

कस्तुरबा गांधी मार्ग म्हणजे जुना कर्झन रोड. मॅक्सम्युलर भवन, ब्रिटिश कौन्सिल आणि २०१३ पासून नवं महाराष्ट्र सदन, सगळं याच रस्त्यावर. मंडी हाउस पायी गाठता येईल इतकं जवळ. महाराष्ट्र दिन जवळ आला की माझ्या या भागातल्या फेऱ्या वाढतात. मी कथक शिकलेली, पण दिल्लीतल्या मराठी मुलांना बसवून देते लेझीम. लेझीम इथे परकी नाही: १९८२च्या एशियाडच्या उद्घाटनात सांगली जिल्ह्यातल्या ४०० जणांनी ती खेळली होती.

तालमीत मुलांचा एकच धोशा असतो, "ताई, नवीन स्टेप कधी?" माझं उत्तर ठरलेलं आहे: जी आहे ती अजून संपलेली नाही. ती कशी वाढवायची, याबद्दल गाठीशी जमलेल्या या काही गोष्टी.

१. तुकडा लहान घ्या आणि आधी तोंडाने म्हणवून घ्या. आमचा तुकडा आठ मात्रांचा. एकला उजवा पाय पुढे, दोनला छातीसमोर झटका, तीनला गुडघ्यापाशी वाकणं, चारला लेझीम डोक्यावर. पाच-सहाला अर्धी गिरकी, सात-आठला जागेवर ठोके. कथकात पढंत आधी आणि पाय नंतर. तोच शिरस्ता इथेही. हाताने ताल धरून जो आकडे चोख म्हणतो, त्याचे पाय फारसे चुकत नाहीत.

२. एका वेळी एकच गोष्ट बदला. दिशा बदलली तर उंची तीच ठेवा, उंची बदलली तर लय तीच. तीन गोष्टी एकदम बदलल्या की तो दुसराच तुकडा होतो आणि बघणाऱ्याला आधीच्याशी त्याचं नातं लागत नाही.

३. दुगुन सगळ्या अंगाला मागू नका. आठ मात्रांचं काम चारात बसवायचं म्हटलं की वाकणं उरकलं जातं, पाठी गोल होतात. त्यापेक्षा पाय बराबरीत राहू द्या आणि फक्त लेझीम दुगुनीत वाजवा. खाली संथ, वर लगबग. हलगीवाला खूश होतो आणि मुलं दमत नाहीत.

४. शेपूट कापत जा. आपल्या शास्त्रात गोपुच्छा यती आहे, गाईच्या शेपटासारखी निमुळती होणारी. तीनतालाच्या १६ मात्रांत ती चपखल बसते: ७, ५, ३, १. तुकड्याच्या पहिल्या सात मात्रा करा, मग पहिल्या पाच, मग तीन, शेवटी नुसतं एक पाऊल. मात्र गिरकीकडे लक्ष हवं. सातात ती पुरी होते आणि मुलं पाठमोरी होतात. पाचात ती अर्धवट राहते आणि मुलं आडवी उभी राहतात. तीनात ती येतच नाही. म्हणून शेवटी तोंड कुठे असेल हे आधी जमिनीवर खडूने मांडून घ्यावं. उलट बाजूने वाढवत नेली की स्रोतोगता. अमेरिकेच्या ट्रिशा ब्राउन यांनी १९७१च्या 'अॅक्युम्युलेशन'मध्ये असाच एकेका हालचालीने नाच वाढवत नेला होता.

५. तिहाईचा हिशोब पाठ असू द्या. पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रा रिकामी: ५+१+५+१+५ म्हणजे १७. समेवर उचललेली तिहाई पुढच्या समेवर पडते. त्या दोन रिकाम्या मात्रांत मुलांना हलू देऊ नका. टाळी त्या थांबण्याने मिळते.

६. रांगा मागोमाग सोडा. चार रांगा, दर दोन मात्रांनी एक. त्या १, ३, ५, ७ वर निघतात. शेवटची रांग चौदाव्या मात्रेला संपते. पंधरा-सोळाला सगळे स्तब्ध, समेवर सगळे एकत्र. हालचाल एकही वाढली नाही, तरी रंगमंच भरला.

७. अडलं की चिठ्ठ्या टाका. मर्स कनिंगहॅम नाणी उडवून हालचालींचा क्रम ठरवत. आम्ही तुकड्याचे दोन-दोन मात्रांचे चार भाग करतो आणि चिठ्ठ्या उचलतो. २४ क्रम होऊ शकतात. बरेचसे टाकाऊ निघतात. पण गिरकी आधी आणि पाऊल नंतर, हे मला स्वतःहून कधी सुचलं नसतं.

८. सूत्र एकच धरा. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८–१८३२) नाचासाठी रचलेल्या मराठी निरूपणांचा अभ्यास सुचेता भिडे चापेकर यांनी केला. जयजयपासून मंगळापर्यंत अठरा प्रकार, पण राग एक, ताल एक आणि कथाही एक. वैविध्य हवं म्हणून दर पाच मिनिटांनी गाणं बदलणाऱ्या संयोजकांना मी हे आवर्जून सांगते.

९. वगळायला शिका. वरचे सगळे प्रयोग एकाच नाचात कोंबू नका; तीन पुरतात. आणि सुरुवातीला मूळ तुकडा दोनदा, अगदी साधा दाखवा. तो प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला नसेल, तर पुढे तुम्ही त्यात काय बदललंत हे त्यांना कळणार कसं?