गहू सोडण्याआधी

ज्या सल्ल्यापायी माझ्या कन्येला नाहक क्लेश भोगावे लागले, तो वरकरणी इतका निरुपद्रवी होता की, त्याविरुद्ध फिर्याद मांडली असता ऐकणारा आजही मलाच समजावू लागतो. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, वाढ खुंटलेली, रक्तक्षय लोहाच्या गोळ्यांना दाद देईना, अशा अवस्थेत तिला धुळ्याच्या एका डॉक्टरांकडे नेले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "गहू बंद करून पाहा."

पोळी बंद होताच जुलाब थांबले, भूक लागू लागली. पुढे काही महिन्यांनी त्यांनी गव्हाच्या विकारासाठी रक्त तपासले, अहवाल निर्दोष आला, आणि "हा पंजाबकडचा आजार, ज्वारी-बाजरीच्या खानदेशात कुठला? खुशाल पोळी द्या," असा निकाल मिळाला. पोळीबरोबर दुखणेही परतले, तेव्हा दोष आला तो मुलीच्या आईच्या अतिकाळजीवर.

अखेर पुण्याच्या पोटविकारतज्ज्ञांनी सारे दप्तर चाळून एकच प्रश्न केला, "रक्त काढले तेव्हा ही गहू खात होती का?" नव्हती, हे माझ्या तोंडून निघताच त्या निर्दोष अहवालाची किंमत मला कळली. सीलिअॅक विकारात गव्हातील ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठते. त्याची साक्ष देणारी प्रतिद्रव्ये गहू पोटात जात असेतोच रक्तात भरपूर सापडतात आणि तो सुटल्यावर हळूहळू ओसरतात. आता ती पुन्हा पोळी खात असल्याने नवी तपासणी बोलकी ठरली, आणि दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यात लहान आतड्याचे अन्नरस शोषणारे अंकुर झिजून सपाट झालेले आढळले. ते कागद घेऊन मी धुळ्यास गेलो, तर "बरे झाले ना आता?" एवढे बोलून त्या गृहस्थांनी, कागदांना हातही न लावता, पुढचा रोगी आत बोलावला.

आप्तांचीही तऱ्हा सांगतो. रावेरची केळी खाऊन हे बरे होते, असे आम्हांस बजावण्यात आले. न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी १९२४ साली केळ्यांचे पथ्य प्रसिद्ध केले खरे, आणि मुले सुधारलीही. पण त्या पथ्यात पाव वर्ज्य होता, हे मर्म होते. गव्हाचा दोष डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली सप्रमाण मांडला.

आता कामाचे. ग्लूटेन टाळण्याचे पथ्य सुरू झाल्यावर जुलाब व फुगारा काही आठवड्यांत ओसरू लागतो, परंतु अंकुर पूर्ववत होण्यास महिने, प्रौढांना तर कित्येकदा वर्षेही लागतात. तोवर दूध पचेनासे झाल्यास घाबरू नये. दुधातील साखर पचविणारे द्रव्य त्या अंकुरांतच असते, ते भरले की दूध बहुधा पुन्हा सोसते. केवळ भात-साबुदाण्यावर राहिल्यास मलावरोध जडतो, म्हणून ज्वारी, बाजरी, नागली आणि आपली कळण्याची भाकरी ठेवावी. मात्र गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी चालत नाही. घरघंटी घ्यावी, अथवा गहू न दळणारी गिरणी शोधावी. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो, त्याची खातरजमा करावी. बट्टी, मांडे, कुरडया, रवा, शेवया आणि जवस नव्हे, जव, हे सारे वर्ज्य. पाकिटावर 'ग्लूटेनमुक्त' असा शिक्का असेल, तर कायद्याने त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये. लग्नघरी "एका घासाने काय होते?" असे कोणी म्हणाले, तर भीड न धरता ताट सरकवावे.

आणि ज्यांनी तपासणीपूर्वीच गहू सोडला असेल, त्यांनी तो स्वतःच्या मर्जीने पुन्हा सुरू न करता तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काही आठवडे खाऊन मगच रक्त द्यावे. डॉक्टरांची पदवी कितीही मोठी असो, "गहू बंद करून पाहा" असे कोणी म्हणाले की त्यांना आधी रक्ततपासणीची चिठ्ठी लिहावयास लावा.