मानेतला स्टेंट: मनगटातून की जांघेतून?

"डॉक्टर, हृदयाची अँजिओप्लास्टी मनगटातून झाली, संध्याकाळी मी वॉर्डात फिरत होतो. मग मानेच्या स्टेंटसाठी जांघ कशाला?" रुग्ण हे हमखास विचारतात, आणि विचारायलाच हवं. मात्र हृदयाला जी वाट सोपी, ती मानेलाही सोपी असेलच असं नाही.

मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीत चरबीचा थर साचला की त्यातला कण सुटून पक्षाघात होऊ शकतो. स्टेंट तो थर भिंतीशी दाबून धरतो. जांघेतून शिरलेली नळी पोटातून, छातीतून वर चढते आणि महाधमनीच्या कमानीतून मानेकडे वळते. मनगटातून आलेली नळी वरून खाली उतरते, मग मानेत शिरायला तिला उलटं वळण घ्यावं लागतं. उजव्या हातातून डाव्या कॅरोटिडकडे जाताना हे वळण बहुधा फारच अवघड होतं. काहींच्या शरीरात मात्र डावी कॅरोटिड उजव्या बाजूच्या मोठ्या धमनीच्या बुंध्यातूनच फुटते. त्यांच्यासाठी उजवं मनगट हाच सोयीचा रस्ता ठरतो. वयानुसार कमान लांबते, वाकडी होते, तिच्यातही चुना साचतो. अशा कमानीत नळी जितकी घासेल तितका कण सुटण्याचा धोका वाढतो. म्हणून सीटी अँजिओग्राफीत कमान कशी दिसते, ते आम्ही आधी पाहतो.

हंगेरीत 260 रुग्णांवर दोन्ही वाटांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या गुंतागुंतींत लक्षणीय फरक आढळला नाही. पण मनगटातून सुरुवात केलेल्यांपैकी 10 टक्के रुग्णांत वाट बदलावी लागली; जांघेच्या गटात हे प्रमाण 1.5 टक्के होतं.

तरीही मनगटाचे फायदे खरे आहेत. रक्तस्राव झालाच तर डोळ्यांना दिसतो, पट्ट्याने दाबता येतो. जांघेतलं रक्त पोटाच्या मागच्या बाजूला झिरपत राहिलं तर उशिरा कळतं. शिवाय काही तास पाय सरळ ठेवून उताणं पडून राहावं लागतं. कंबरदुखीच्या किंवा प्रोस्टेटच्या रुग्णाला ते नकोसं होतं. दुसरीकडे मनगटाची धमनी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरची. ती आकसते, नंतर कधी बंदही होते. सहसा दुसरी धमनी हात सांभाळते. पण डायलिसिस चालू असेल किंवा पुढे लागण्याची शक्यता असेल, तर ही धमनी फिस्टुलासाठी, म्हणजे डायलिसिससाठी केल्या जाणाऱ्या धमनी-शिरेच्या जोडणीसाठी, राखून ठेवावी लागते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आधीच सांगा.

माझं मत विचाराल तर, तुमच्या डॉक्टरांचा हात ज्या वाटेवर बसलाय ती वाट तुमच्या कमानीला मानवत असेल, तर तीच घ्यावी. "मानेचे स्टेंट तुम्ही नेहमी कुठून घालता, आणि ही वाट अडली तर पुढे काय?" हे मोकळेपणाने विचारा.

घरी गेल्यावर जांघेत गाठ वाढली, कंबर किंवा पोट दुखून चक्कर आली, हात बधिर वा निळसर पडला, तर लगेच कळवा. जोराची डोकेदुखी अंगावर काढू नका. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातापायातलं बळ गेलं, तर 108 ला फोन करा. आणि स्टेंटसाठी दिलेल्या, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या दात काढायच्या निमित्तानेही स्वतःहून बंद करू नका. दंतवैद्याला आधी आमच्याशी बोलायला सांगा.